अपघाताची भरपाई: टक्का तोच, पण पगार कोणता धरणार?

डिचोलीच्या एका तरुणाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "माझे मोठे भाऊ, वय ३५, वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत पॉवर प्रेसवर काम करतात. महिन्याला १८,००० रुपये मिळतात. स्लिपवर बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ९,०००, बाकीचे घरभाडं, प्रवास आणि ओव्हरटाइम. गेल्या महिन्यात प्रेसमध्ये डाव्या हाताची दोन बोटं गेली. कंत्राटदार ६०,००० रुपये देऊन एका कागदावर सही मागतो आहे. म्हणतो, जुना कायदा गेला, नव्या संहितेत कंत्राटी माणसाला वेगळं काही नाही. हे खरं का? नियमांबाबत आमच्या संघटनेलाही सूचना पाठवायच्या आहेत. काय लिहावं?"

आधी तातडीचं सांगतो. त्या कागदावर सही करू नका. सही झालीच असेल तरी घाबरू नका. भरपाईवरचा हक्क सोडून देणारा करार जुन्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातही रद्दबातल होता आणि नव्या संहितेतही रद्दबातलच आहे. तडजोड करायची तर तिचा मसुदा सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार खात्यात, नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी वाटली तर अधिकारी नोंदणी नाकारू शकतो. नोंदणी न केलेल्या कागदाच्या आधारे मालकाला उरलेली रक्कम बुडवता येत नाही. दादांनी ६०,००० घेतलेच असतील तर ती रक्कम पुढच्या हिशेबातून वजा होईल, एवढंच.

कंत्राटदाराचं दुसरं म्हणणंही चुकीचं आहे. जुना कायदा गेला हे खरं. सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण भरपाईचं प्रकरण, म्हणजे जुन्या कायद्यातला नियमांचा भाग, त्या संहितेत उचलून जवळजवळ तसंच ठेवलं आहे. कारखान्याच्या नेहमीच्या कामासाठी कंत्राटदाराने आणलेला माणूस जखमी झाला तर मूळ मालक जबाबदार, हे कलमही शाबूत आहे. मूळ मालकाने पैसे भरायचे आणि मग हवं तर कंत्राटदाराकडून वसूल करायचे. त्यांचं आपसातलं भांडण दादांच्या गळ्यात मारता येत नाही. अर्ज करताना कारखाना आणि कंत्राटदार दोघांनाही प्रतिवादी करा. विमा कंपनी असेल तर तिलाही.

कोणता कायदा लागतो हे अपघाताच्या तारखेवर ठरतं. प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्याच्या डिसेंबर १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच उभी राहते, निकालाच्या दिवशी नव्हे. म्हणून २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचे अपघात जुन्या कायद्याने चालतील आणि दादांचं प्रकरण संहितेखाली येईल. तारखेने काय फरक पडतो ते एका उदाहरणावरून पाहा. हिशेबात धरायच्या मासिक पगाराची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० ला ८,००० वरून १५,००० झाली. महिना १५,००० मिळवणारा ४० वर्षांचा माणूस २०१९ च्या डिसेंबरात कामावर असताना अपघातात मरण पावला असता तर त्याच्या घरच्यांना ७,३६,६८० रुपये मिळाले असते. तोच अपघात पुढच्या महिन्याच्या मध्यावर झाला असता तर १३,८१,२७५. माणूस तोच, कामही तेच.

आता दादांचा हिशेब. त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा, आणि पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे: दादा ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, येतात का? जिथे १० किंवा जास्त माणसं कामाला आहेत आणि ज्याचा पगार २१,००० च्या आत आहे, तो ईएसआयचा. तिथे कामावरच्या दुखापतीची भरपाई महामंडळ देतं आणि मालकाविरुद्ध भरपाईचा वेगळा दावा चालत नाही. वेर्ण्याच्या कारखान्यात १० माणसं नसतील असं होणं कठीण, त्यामुळे दादा बहुधा ईएसआयमध्येच बसतात. कंत्राटदाराने नाव नोंदवलेलं नसलं तरी बसतात. कामावरच्या दुखापतीसाठी आधी इतके महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, कामाच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. मालकाने वर्गणी बुडवली असेल तर महामंडळ लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करतं. अपघात झाल्यावर घाईघाईने कार्ड काढायचं आणि "आजच लागला कामाला" असं दाखवायचं, हा प्रकार आमच्याकडे वरचेवर येतो. म्हणून दादा किती महिन्यांपासून त्या प्रेसवर आहेत याचा पुरावा आजच गोळा करा.

स्लिपवर ईएसआयची कपात आहे का बघा. कामगाराचा वाटा पाऊण टक्का असतो. १८,००० वर ती कपात १३५ रुपये होते आणि ९,००० वर ६८. या एका आकड्यावरून कळतं की कंत्राटदाराने दादांचा पगार कागदावर किती दाखवला आहे.

ईएसआयमध्ये उपचार चालू असेपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात. कायमच्या अपंगत्वाला त्याच ९० टक्क्यांचा, वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या टक्क्याइतका भाग, तोही जन्मभर दर महिन्याला. कायद्याच्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान २० टक्के धरलं आहे. १८,००० वर ढोबळ हिशेब केला तर महिन्याला सुमारे ३,२४० रुपये.

ईएसआय लागू नसेल तर भरपाईचं प्रकरण लागू होतं. तिथे पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचं. ३५ व्या वर्षी हा गुणक १९७.०६ आहे. पगार १८,००० असला तरी मर्यादेमुळे १५,००० धरायचे. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले १९७.०६ म्हणजे १७,७३,५४०. त्याचे २० टक्के ३,५४,७०८ रुपये, एकरकमी. शिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. कंत्राटदाराच्या ६०,००० शी हे ताडून बघा.

घरच्यांना एकरकमी मोठी रक्कम बरी वाटते, ते मी समजू शकतो. पण ३,२४० ने नऊ-सव्वानऊ वर्षांत तेवढीच रक्कम हातात येते, पुढे आयुष्यभर चालू राहते आणि महागाईनुसार ती वेळोवेळी वाढवलीही जाते. ३५ वर्षांच्या माणसाला ईएसआय तोट्याचं नाही.

२० टक्के हा आकडा अंतिम समजू नका. प्रताप नारायण प्रकरणातला कामगार सुतार होता. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने नुकसान १०० टक्के धरलं. प्रश्न असा असतो की हा माणूस आपलं काम पुन्हा करू शकेल का? दादांना प्रेसवर परत उभं राहता येत नसेल, पकड राहिली नसेल, उरलेली बोटं वळत नसतील, तर हे सगळं डॉक्टरांच्या दाखल्यात नेमक्या शब्दांत यायला हवं. नुसतं "दोन बोटे गमावली" एवढं लिहिलं तर २० च मिळतील.

वर मी १८,००० आणि १५,००० धरून हिशेब केला. कंत्राटदाराचा वकील ९,००० धरेल. नव्या संहितेवर खरा झगडा याच आकड्यावर होणार आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

जुन्या कायद्यात भरपाईसाठी पगार म्हणजे पैशात मोजता येईल असा जवळपास प्रत्येक लाभ. प्रवासभत्ता, भविष्यनिर्वाह निधीतली मालकाची वर्गणी, कामापायी झालेला विशेष खर्च एवढं सोडून बाकी सगळं. घरभाडं धरत, कायम मिळणारा ओव्हरटाइम धरत, फुकट जेवण आणि खोली यांची किंमतही धरता येत असे. संहितेने सगळ्या प्रकरणांसाठी पगाराची एकच व्याख्या आणली. तिच्यातून घरभाडं, राहत्या जागेची किंमत, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम, बोनस आणि कमिशन हे वगळलं आहे. वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग पगारात परत मिळवायचा. म्हणजे वगळता येतं ते जास्तीत जास्त निम्मं.

संहितेचं कौतुक करणारे या निम्म्याच्या नियमाकडे बोट दाखवतात. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्यासाठी ते बरोबरही आहे. तिथे आजवर बेसिक आणि महागाई भत्त्यावरच हिशेब व्हायचा, आता पाया रुंदावला. अपघाताच्या भरपाईत मात्र उलट होतं. इथे पाया आधीच रुंद होता, तो आकसला. दादांच्या १८,००० पैकी ९,००० वगळले आणि ते बरोबर निम्मे असल्याने परत काहीच मिळवायचं नाही. मग ९,००० चे ६० टक्के ५,४००, गुणिले १९७.०६, त्याचे २० टक्के: २,१२,८२५ रुपये. अनुसूची तीच, गुणक तोच, बोटं तीच, आणि १,४१,८८३ रुपये कमी. ईएसआयमध्ये ९,००० धरले तर ३,२४० चे १,६२० होतात.

यावर दोन उत्तरं आहेत आणि तुमच्या अर्जात दोन्ही यायला हवीत. पहिलं किमान वेतनाचं. प्रेस चालवणाऱ्या कुशल किंवा अर्धकुशल माणसासाठी सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली हिशेबाचा पगार जाऊच शकत नाही, असं आम्ही मांडतो. पाटो-पणजीच्या श्रम शक्ती भवनातून सध्याची किमान वेतनाची अधिसूचना घ्या आणि अर्जाला जोडा. स्लिपवरचा बेसिक त्याहून कमी निघाला तर ती स्लिप कंत्राटदाराच्याच अंगावर येते. दुसरं उत्तर हे की वगळायच्या गोष्टींची यादी बंदिस्त आहे. "स्पेशल अलाउन्स", "इतर भत्ता", "उपस्थिती भत्ता" असली नावं त्या यादीत नाहीत, म्हणून ती रक्कम पगारातच मोजली पाहिजे. घरभाडं म्हणून दाखवलेली रक्कम खरोखर घरभाडं आहे का, हेही विचारा. डिचोलीत स्वतःच्या घरी राहणाऱ्या माणसाला, त्याच हुद्द्यावरच्या सगळ्यांना, एकच आकडा दरमहा दिला जात असेल तर ते नाव फक्त कागदापुरतं आहे.

या व्याख्येची एक चांगली बाजूही सांगायला हवी. ईएसआयची २१,००० ची मर्यादा नव्या व्याख्येने मोजली तर आजवर तिच्या बाहेर राहिलेले बरेच लोक आत येतील. हातात २८,००० घेणारा, पण व्याख्येप्रमाणे १६,००० वर असलेला फिटर आता ईएसआयचा झाला. मडगावच्या ईएसआय इस्पितळावर त्याचा ताण येईल. तरीही त्या फिटरच्या घरच्यांसाठी हा फायदाच आहे.

गोव्यात ही व्याख्या जास्त बोचणार, कारण आपल्याकडे पगार तुकड्यातुकड्यांनी मिळतो. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या शॅकवर किंवा छोट्या हॉटेलात वेटरला रोख थोडे, वर जेवण, मागच्या बाजूला झोपायला खोली, आणि टिप. टिप गिऱ्हाइकाकडून येते, ती पगारात धरत नाहीत. खोली नव्या व्याख्येने वगळली. वस्तुरूपाने दिलेलं जेवण एकूण पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंतच मोजायचं. उरते ती रोख रक्कम, आणि ती तर सगळ्यात लहान. मालीम, कुटबण किंवा खारीवाड्याच्या ट्रॉलरवर तांडेल-खलाशांना ठरलेल्या पगारावर पकडीतला वाटा मिळतो. हा वाटा म्हणजे वगळलेलं कमिशन, असं म्हणायला मालकाला आता जागा मिळाली. १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्या काळात पगारच नाही, म्हणून सरासरी काढतानाही गडबड होते. पंचविशीतला खलाशी समुद्रात पडून गेला तर ओडिशातल्या त्याच्या आईला वाट्यासकट पगार मोजून भरपाई मिळणार की वाटा वगळून, हे कुणीतरी लवकरच न्यायालयात नेऊन सोडवून घ्यावं लागेल.

प्रवासाचं कलम हा संहितेतला खरा लाभ आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघात, वेळ-जागा-परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचाच मानायचा, असं आता भरपाईच्या प्रकरणातच लिहिलं आहे. ईएसआयमध्ये ही तरतूद २०१० पासून होती, १९२३ च्या कायद्यात नव्हती. तिथेही सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दैवशाला या विधवेच्या प्रकरणात वाट मोकळी केली. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे ३ च्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. ती घटना २००३ ची. बायकोला निकाल मिळेपर्यंत २२ वर्षं गेली.

पेडण्याहून वेर्ण्याला, सत्तरीहून कुंडईला रोज दुचाकीने जाणाऱ्यांना हे माहीत असायला हवं. पाळीचं वेळापत्रक, हजेरीची वेळ, पंचनाम्यातली वेळ आणि नेहमीचा रस्ता एकमेकांशी जुळले पाहिजेत. वाटेत मित्राकडे तासभर थांबलात तर संबंध तुटल्याचा मुद्दा निघतोच. रस्त्यावरच्या अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कामगार भरपाई, यांपैकी एकच दार निवडावं लागतं. न्यायाधिकरणात रक्कम मोठी मिळू शकते, कारण तिथे १५,००० ची मर्यादा नाही, पण समोरच्या चालकाची चूक सिद्ध करावी लागते. कामगार भरपाईत कुणाचीही चूक दाखवावी लागत नाही. गाडी स्वतःच घसरली असेल, समोर दुसरं वाहनच नसेल, तर कामगार भरपाईचं दार धरा.

चुकीचाच विषय निघाला म्हणून दादांच्या बाबतीत एक गोष्ट. कंत्राटदार म्हणेल, गार्ड काढून काम करत होते, हातमोजे नव्हते. नुसता निष्काळजीपणा भरपाई रोखत नाही. सुरक्षेसाठी लावलेलं साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं किंवा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तोही बचाव चालत नाही. प्रेसचे गार्ड उत्पादन वाढवायला सुपरवायझरच काढायला सांगतो, हे वेर्ण्यापासून बेतोड्यापर्यंत प्रत्येक प्रेस ऑपरेटरला ठाऊक आहे. सोबतच्या दोन माणसांचे जबाब आताच लिहून घ्या. चतुर्थीला गावी गेलेला साक्षीदार परत त्याच कारखान्यात येईलच असं नाही.

कागदांबद्दल. सगळ्यात आधी इस्पितळाचा पहिला केसपेपर मिळवा, मग ते गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो की खासगी. त्यात दुखापत कशी झाली याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. सोबत गेलेल्या सुपरवायझरने "घरी पडला" असं सांगून ठेवलेलं असतं आणि तो एक शब्द पुढे वर्षभर छळतो. तसं असेल तर लगेच लेखी हरकत द्या. १०८ च्या रुग्णवाहिकेने नेलं असेल तर कुठून उचललं याची नोंद तिथे असते. ईएसआयला अपघाताचा अहवाल, ज्याला सगळे फॉर्म १२ म्हणतात, मालकाने २४ तासांत द्यायचा असतो. दिला नसेल तर तुम्ही स्वतः ईएसआय कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. आल्तिनोच्या कारखाने व बाष्पक निरीक्षणालयालाही पत्र द्या. त्यांची चौकशी झाली की मशीन, गार्ड आणि कामाची नोंद सरकारी कागदावर येते. दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत धरूनच चाला, पण मालकाला लेखी नोटीस या आठवड्यातच जाऊ द्या. पैसे देय झाल्यापासून महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, ही तरतूद आहेच. अर्जात दोन्ही मागा. न मागितल्यामुळे न मिळालेलं व्याज मी पुष्कळ पाहिलं आहे.

नियुक्तिपत्राची सक्ती ही नव्या संहितांमधली आणखी एक कामाची गोष्ट. हजेरीपटावर नाव नाही, पत्र नाही, पगार रोखीने, अशा माणसाचा अर्धा खटला "हा आमचा कामगारच नव्हे" याला उत्तर देण्यात संपतो. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ जण गेले. त्यांतले बहुतेक तिथेच काम करणारे होते, पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेले. अशा वेळी सरकार जी मदत जाहीर करतं ती कृपा असते. तिच्यामुळे मालकाची किंवा ईएसआयची जबाबदारी एका रुपयानेही कमी होत नाही. जिथे ईएसआय लागू नाही तिथे मृत्यूची भरपाई मालकाने सक्षम अधिकाऱ्याकडेच भरायची असते. परस्पर नातेवाइकांच्या हातात दिलेली रक्कम, थोडी आगाऊ सोडली तर, भरपाई म्हणून धरली जात नाही. विधवेला त्यासाठी झारखंडाहून पणजीला खेटे घालायचीही गरज नाही. ती जिथे राहते त्या भागातल्या अधिकाऱ्याकडे दावा लावता येतो. हे कुणी त्या घरांपर्यंत पोहोचवलं तर फार मोठं काम होईल.

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरी दोन ओळी. त्यांना संहितेत नाव मिळालं, कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे हेही आलं, पण त्यांना "कर्मचारी" मानलेलं नाही. म्हणून भरपाईचं प्रकरण त्यांना लागू नाही. सरकारी योजनेतून अपघात विमा मिळेल तेवढाच.

आता संघटनेच्या सूचनांबद्दल. दोन वेगळी पत्रं करा, कारण सगळं राज्याच्या हातात नाही. केंद्राकडे मागायचं ते असं: १५,००० ची मर्यादा जानेवारी २०२० पासून गोठली आहे, ती महागाई निर्देशांकाला जोडा आणि दरवर्षी आपोआप वाढू द्या. त्याहून महत्त्वाचं, अपघात भरपाई आणि ईएसआयच्या दुखापत लाभासाठी पगार म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा पूर्ण मोबदला, असं स्पष्ट करा. एकच व्याख्या सगळीकडे लावण्याचा सोपेपणा समजतो, पण हात गमावलेल्या माणसाचं नुकसान त्याच्या ओव्हरटाइमसकट झालेलं असतं.

राज्याकडे मागायचं ते कामकाजाबद्दल. जुन्या कायद्यात प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढा असं लिहिलं होतं, आणि तसं होत नव्हतं. सक्षम अधिकारी नेमताना दक्षिण आणि उत्तर गोव्यासाठी फक्त याच कामाचा स्वतंत्र माणूस मागा आणि वास्को, फोंडा, डिचोली इथे ठरलेल्या वारी सुनावणी मागा. एका हाताचा माणूस डिचोलीहून दर तारखेला बस बदलत पणजीला जातो आणि "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकून परत येतो, हे थांबलं पाहिजे. नियुक्तिपत्र आणि हक्कांची माहिती कामगाराला कळणाऱ्या भाषेत द्यावी, म्हणजे मराठी-कोकणीबरोबर हिंदी, कन्नड, ओडिया हेही लिहा. आणि अपघाताचा अहवाल निरीक्षणालयाकडे आला की त्याची प्रत भरपाई अधिकाऱ्याकडे आपोआप जावी, कामगाराने अर्ज करण्याची वाट न बघता.

पत्राला दादांची पगाराची स्लिप जोडा, नाव आणि नंबर झाकून. खाली दोन ओळींत दोन्ही हिशेब मांडा, ३,५४,७०८ आणि २,१२,८२५.